कॅम आणि टॅपेट : जुन्या इंजिनातील एका जोडीचा इतिहास

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण आत घेणारी आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप ठरल्या क्षणी उघडण्याचे काम कॅमशाफ्ट आणि टॅपेट या जोडीवर सोपवलेले असते. कॅमशाफ्ट म्हणजे अंगावर अंडाकृती उंचवटे असलेला आणि क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणारा दांडा. टॅपेट म्हणजे त्या उंचवट्यावर टेकून वर-खाली सरकणारा, अंगठ्याएवढ्या जाडीचा धातूचा तुकडा, ज्याला अमेरिकेत लिफ्टर म्हणतात. ज्या इंजिनात झडपा सिलिंडरच्या डोक्यावर असतात, तेथे टॅपेट उचलला गेला की त्यावर उभी असलेली पुशरॉड नावाची सळई रॉकर नावाच्या तरफेचे एक टोक ढकलते आणि रॉकरचे दुसरे टोक झडप दाबून उघडते. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला दोन हजार वेळा उघडते, आणि तिला मिटवू पाहणाऱ्या स्प्रिंगचा सगळा जोर कॅम व टॅपेट यांच्यातील एका अरुंद स्पर्शरेषेवर येऊन पडतो. त्यामुळे जुने इंजिन खोलून नव्याने बांधताना पिस्टन आणि बेअरिंगे कितीही काळजीने बसवली, तरी ही जोडी ओळखण्यात चूक झाल्यास नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासातच झिजून जाऊ शकतो आणि त्याचा कीस तेलाबरोबर सगळ्या इंजिनात फिरतो.

विसाव्या शतकात या जोडीचे चार प्रकार रूढ झाले : सपाट पायाचा यांत्रिक टॅपेट, सपाट पायाचा हायड्रॉलिक टॅपेट, यांत्रिक रोलर आणि हायड्रॉलिक रोलर. प्रत्येकासाठी कॅमचा आकार, त्याचा धातू आणि त्याची घासणी वेगळी असते. एकाच कॅमवर सपाट आणि रोलर यांची अदलाबदल होऊच शकत नाही. यांत्रिक आणि हायड्रॉलिक यांची करता येते असे काहींना वाटते, पण तीही धोक्याचीच असते. इंजिनाच्या ब्लॉकवरील वर्ष किंवा क्रमांक पाहून प्रकार ठरवण्याची सवय जुनी असली, तरी ती भरवशाची नाही, कारण एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे झालेले संक्रमण कधीच एका वर्षात आणि एका कारणाने झाले नाही. कधी गिअरबॉक्सने, कधी कायद्याने, तर कधी तेलातील रसायनाने ते घडवून आणले.

अगदी आरंभीच्या मोटारींत कॅम केवळ निकासाची झडप उघडत असे. आत घेणारी झडप पिस्टन खाली जाताना होणाऱ्या ओढीने आपोआप उघडे. वेग वाढला तशी ही ओढ पुरेनाशी झाली आणि दोन्ही झडपा कॅमच्या ताब्यात गेल्या. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल टी मोटारीत झडपा सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभ्या असत आणि टॅपेट थेट त्यांच्या दांडीखाली येत असे. झडप तापली की तिची दांडी लांबते. त्या लांबीसाठी टॅपेट आणि दांडी यांच्यात बारीक फट ठेवावी लागते, नाहीतर झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही आणि जळते. फोर्डच्या टॅपेटला मात्र ही फट कमी-जास्त करण्यासाठी कोणताही स्क्रू नव्हता. फट कमी पडली तर दांडीचे टोक घासायचे आणि जास्त झाली तर झडप बदलायची, एवढाच उपाय होता. १९२८ नंतरच्या मॉडेल ए मोटारीतही हीच पद्धत राहिली, आणि तेथे टॅपेटचा पाय त्याच्या अंगापेक्षा रुंद, छत्रीसारखा पसरट होता. पाय रुंद असला म्हणजे कॅमचा उंचवटा अधिक झपाट्याने चढणारा ठेवता येतो, हा त्याचा फायदा. पण असा टॅपेट आपल्या भोकातून वर काढता येत नाही, आधी कॅमशाफ्ट काढून मग तो खालून बाहेर घ्यावा लागतो. हे न जाणणाऱ्या हाताने वरून ठोकाठोकी केली की भोकाची कड फुटते, आणि ती पुन्हा नीट होत नाही.

पुढे बहुतेक कारखान्यांनी टॅपेटच्या डोक्यावर किंवा रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि चेकनट देऊन फट जुळवण्याची सोय केली. तरीही फट ती फटच; प्रत्येक उघडझापेला तिच्यातून धातूवर धातू आदळण्याचा टकटक आवाज येई, झीज होत गेली की तो वाढे, आणि ठरावीक मैलांनंतर फीलर गेज घेऊन प्रत्येक झडप तपासावी लागे. हा आवाज नाहीसा करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न फ्रान्समधील ल मान्स येथे आमेदे बोले यांनी १९१० च्या सुमारास केला आणि इंजिनाच्याच तेलाने फट भरून काढणारे टॅपेट आपल्या मोटारीत बसवले. अमेरिकेत १९३० च्या सोळा सिलिंडरांच्या कॅडिलॅकमध्ये हेच काम रॉकरच्या धुरेजवळ बसवलेल्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्याने केले. तो टॅपेट नव्हता, पण कल्पना तीच होती. १९३३ साली पिअर्स-ॲरो कंपनीने खुद्द टॅपेटच्या पोटात ही रचना आणली. हे सारे श्रीमंतांच्या मोटारींपुरते होते, आणि त्याचे कारण खर्चाइतकेच सूक्ष्म यंत्रकामातही शोधावे लागते.

हायड्रॉलिक टॅपेट बाहेरून एक पोकळ नळकांडे असते आणि त्याच्या आत दुसरा लहान दट्ट्या सरकतो. दट्ट्याच्या खाली एक नाजूक स्प्रिंग आणि तेलाला एकाच दिशेने जाऊ देणारी गोळीची किंवा चकतीची झडप असते. झडप मिटलेली असताना इंजिनाच्या पंपाचे तेल दट्ट्याखालची जागा भरते व दट्ट्या वर सरकून सगळी फट मिटवतो; कॅमचा उंचवटा येताच एकेरी झडप बंद होते, आत कोंडलेले तेल दबत नाही आणि टॅपेट भरीव असल्यासारखा उचलला जातो. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यातील जागा काही सहस्रांश मिलिमीटरच असावी लागते, आणि एवढ्या अचूकतेसाठी दोन्ही भाग निवडून एकमेकांशी जुळवावे लागतात. म्हणूनच खोललेल्या हायड्रॉलिक टॅपेटचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळकांड्यात घालू नये, हा नियम आजही पाळावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे यंत्रकाम मोठ्या संख्येने परवडू लागले, आणि १९४९ साली कॅडिलॅक व ओल्ड्समोबिल यांनी बाजारात आणलेल्या, डोक्यावर झडपा असलेल्या नव्या व्ही-८ इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आरंभापासून होते. शेवरलेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि ओळख पटवणाऱ्याच्या दृष्टीने अधिक उद्बोधकही. १९५० साली पॉवरग्लाइड नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्स घेणाऱ्याला शेवरलेने हायड्रॉलिक टॅपेटचे २३५ घनइंचांचे सहा सिलिंडरी इंजिन दिले, तर हाताने गिअर बदलणाऱ्याला यांत्रिक टॅपेटचे जुने २१६ घनइंची इंजिनच मिळाले. १९५५ साली आलेल्या प्रसिद्ध लहान व्ही-८ इंजिनातही हाच भेद ठेवण्यात आला. एकाच वर्षाच्या, एकाच आकाराच्या दोन इंजिनांत टॅपेटचा प्रकार गिअरबॉक्सवरून ठरत होता, आणि पुढे कोणी गिअरबॉक्स बदलला असेल तर तोही पुरावा नाहीसा होतो.

शांत चालणे हा सर्वांनाच गुण वाटत नव्हता. खूप वेगात झडपेची स्प्रिंग मागे पडू लागली की यंत्रणेत क्षणभर फट उत्पन्न होते, हायड्रॉलिक टॅपेट ती इमानाने भरून काढतो, आणि मग झडप मिटायला जागाच उरत नाही. या कारणाने शर्यतीचे आणि जास्त शक्तीचे इंजिन दीर्घकाळ यांत्रिक टॅपेटच वापरत राहिले. शेवरलेचे अभियंता झोरा आर्कुस-डुंटॉव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे कॅम यांत्रिकच होते. १९६४ च्या कॉर्व्हेटमधील आणि पुढे कॅमॅरो झी-२८ मधील ज्या कॅमला कारागीर ‘तीस-तीस’ म्हणतात, त्याचे नाव दोन्ही झडपांना ठेवायच्या ०.०३० इंच फटीवरून पडले आहे. एवढी मोठी फट हादरा न देता मिटावी म्हणून अशा कॅमच्या उंचवट्याच्या सुरुवातीला एक लांब, मंद चढ घासलेला असतो. हायड्रॉलिक कॅमला त्याची गरज नसते. यांत्रिक कॅमवर हायड्रॉलिक टॅपेट बसवला तर हा मंद चढच झडप उघडू लागतो, ती ठरल्यापेक्षा जास्त काळ उघडी राहते, आणि इंजिन मंद गतीवर नीट चालत नाही.

टॅपेट हातात आल्यावर यांत्रिक आणि हायड्रॉलिक यांतील भेद सहसा कळतो : हायड्रॉलिकच्या तोंडाशी तारेची एक कडी अडकवलेली असते आणि पुशरॉडची वाटी दाबली की ती स्प्रिंगवर किंचित खाली जाते. पण कडी एवढ्यावरून निर्णय करू नये, कारण शेवरलेच्या काही यांत्रिक टॅपेटांनाही वाटी धरून ठेवणारी कडी असते. आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनातील हायड्रॉलिक टॅपेट जळक्या तेलाने आतून इतका घट्ट होतो की तो भरीवच वाटतो. तो रॉकेलमध्ये भिजत ठेवून मग वाटी दाबून पाहणे, हीच खरी परीक्षा.

भारतात ही परीक्षा करण्याची वेळ फारशी येत नसे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला, तेथून निघालेल्या सहा सिलिंडरी शेवरलेच्या टॅपेटची फट रॉकरवरील स्क्रूने जुळवावी लागे, आणि १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला तेव्हा अमेरिकेत हायड्रॉलिक टॅपेट नुकता सर्वसामान्यांपर्यंत पोहोचत होता. त्यानंतरची तीन-चार दशके देशाच्या रस्त्यांवर ज्या गाड्यांचे राज्य होते, त्या कुर्ल्याच्या प्रीमियरची फिएट, उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर आणि महिंद्रची जीप, या सगळ्या यांत्रिक टॅपेटच्याच होत्या. महिंद्रच्या जीपमधील हरिकेन इंजिन तर दोन युगांचा संकर होते : त्याची आत घेणारी झडप डोक्यावर, पुशरॉड व रॉकरच्या आधाराने चाले आणि निकासाची झडप जुन्या पद्धतीने ब्लॉकमध्येच टॅपेटवर उभी असे. ‘टॅपेट वाजतात’ ही तक्रार आणि फीलर गेज हा तिचा उपाय, ही या पिढीच्या गॅरेजांतील नित्याची गोष्ट होती. अशा सवयीच्या हाताला हायड्रॉलिक टॅपेटलाही थोडी फट ठेवावीशी वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तेथे उलट करायचे असते. अमेरिकी व्ही-८ मध्ये फट शून्यावर आणून रॉकरचा नट साधारण अर्धा ते एक फेरा आणखी आवळतात, म्हणजे दट्ट्या आपल्या प्रवासाच्या मध्याकडे येतो. रॉयल एनफील्डच्या मोटरसायकलींत हायड्रॉलिक टॅपेट २००८-०९ च्या सुमारास नव्या घडणीच्या इंजिनाबरोबर आला, आणि २०२० पासूनच्या पिढीत कॅमच सिलिंडरच्या डोक्यावर गेल्याने फट पुन्हा स्क्रूने जुळवण्याची पद्धत परतली. प्रगतीची रेषा सरळ नसते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

सपाट पायाच्या टॅपेटचे नाव फसवे आहे, कारण त्याचा पाय सपाट नसतो. तो मध्यभागी अतिशय थोडा, डोळ्याला न दिसेल इतका फुगीर घासलेला असतो. कॅमचा उंचवटाही एका बाजूला एक-दोन सहस्रांश इंच उतरता असतो, आणि टॅपेटचा मध्य उंचवट्याच्या मध्यापासून किंचित बाजूला ठेवलेला असतो. या तीन युक्त्या एकत्र आल्या की कॅम फिरताना टॅपेट आपल्या भोकात स्वतःभोवतीही हळूहळू फिरत राहतो आणि झीज एकाच जागी होत नाही. पोलादी पट्टीची कड नव्या टॅपेटच्या पायावर उभी धरली तर कडेच्या दोन्ही अंगांना उजेडाची बारीक फट दिसते. जुन्याच्या पायाला मध्यभागी खळगा पडला असेल, तर त्याचा उपयोग संपला. एकदा एकत्र चाललेला टॅपेट आणि त्याचा उंचवटा एकमेकांच्या झिजेशी इतके जुळतात की जुने टॅपेट परत बसवायचे असतील तर प्रत्येक आपल्या मूळ भोकातच गेला पाहिजे, म्हणून ते काढतानाच क्रमाने मांडून ठेवतात. नव्या कॅमवर जुने सपाट टॅपेट तर कधीच घालू नयेत. चांगल्या सपाट कॅमच्या नाकावर, म्हणजे उंचवट्याच्या सर्वोच्च भागावर, चकाकीचा पट्टा एका बाजूला सरकलेला दिसतो; तो पूर्ण रुंदीभर पसरला असेल, तर टॅपेट फिरायचा थांबला होता असे समजावे.

कॅमच्या अंगावरील ओतीव क्रमांकावर विसंबण्याची चूक मोठी आहे. तो क्रमांक कच्च्या ओतकामाचा असतो आणि एकाच ओतकामातून अनेक वेगवेगळ्या आकारांचे कॅम घासले जातात; टोकावर ठोकलेली अक्षरे अधिक उपयोगी ठरतात, पण तीही कॅम मूळचा असेल तरच. कॅलिफोर्नियात एड विनफील्ड यांनी आणि महायुद्धानंतर एड इस्केंडेरियन यांच्यासारख्या कारागिरांनी कारखान्याचे कॅम पुन्हा घासून त्यांना शर्यतीचा आकार देण्याचा धंदा उभा केला, आणि अशा पुनर्घासणीत उंचवट्याची उंची वाढवण्यासाठी त्याच्या पाठीचा, म्हणजे मूळ वर्तुळाचा, धातू कमी करावा लागतो. क्रमांक जुना, आकार नवा, आणि वर्तुळ लहान झाल्याने पुशरॉडही बदललेली, असे इंजिन आजही खोलण्यात येते. डायल गेजने उंचवट्याची चढण अंशाअंशाने मोजून, टॅपेट ०.०५० इंच वर आल्यापासून तेवढाच खाली येईपर्यंत क्रँकशाफ्ट किती अंश फिरला हे नोंदणे, एवढाच तेथे खात्रीचा मार्ग उरतो.

टॅपेटच्या पायाला चाक लावण्याची युक्ती नवी नव्हती. हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकली आणि डिझेल इंजिने ती पूर्वीपासून वापरत होती, आणि चेट हर्बर्ट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ती शर्यतीच्या मोटारींत आणली. कारखान्यांना तिची गरज पटली ती मात्र अमेरिकेतील १९७५ च्या ऊर्जा कायद्याने मोटारींना इंधनबचतीची मर्यादा घालून दिल्यानंतर, कारण घासणाऱ्या पायाऐवजी फिरणारे चाक असले की घर्षणात जाणारी शक्ती वाचते. फोर्डने १९८५ मध्ये मस्टँगच्या ५ लिटर इंजिनात आणि शेवरलेने १९८७ पासून आपल्या लहान व्ही-८ मध्ये हायड्रॉलिक रोलर टॅपेट आणले. चाकाचा टॅपेट स्वतःभोवती फिरता कामा नये, म्हणून शेजारच्या दोन टॅपेटांना धरून ठेवणारी पट्टी आणि तिला दाबणारा पत्र्याचा पंजा ब्लॉकवर बसवावा लागतो, आणि त्यासाठी ब्लॉकमध्ये उंच ओतलेल्या बैठका असतात. अशा बैठका दिसल्या म्हणजे इंजिन रोलरचेच, असा तर्क मात्र फसतो. त्या काळातील जनरल मोटर्सच्या अनेक ट्रकांच्या ब्लॉकवर बैठका ओतलेल्या असूनही त्यांना भोके पाडलेली नव्हती आणि आत सपाट टॅपेटच होते. फोर्डच्या ५ लिटर इंजिनात आणखी एक सापळा आहे : अधिक शक्तीच्या आवृत्तीत सिलिंडर पेटण्याचा क्रम जुन्या ३०२ घनइंची इंजिनाहून वेगळा असल्याने कॅम बदलला की स्पार्क प्लगच्या वायरीही बदललेल्या क्रमाने लावाव्या लागतात.

सपाट टॅपेटच्या जगावर शेवटचा मोठा आघात तेलाने केला. झिंक आणि फॉस्फरस असलेले एक संयुग १९४० च्या दशकापासून इंजिनाच्या तेलात घातले जात होते आणि जेथे तेलाचा थर फाटतो तेथे ते धातूवर संरक्षक पापुद्रा धरत असे. फॉस्फरसमुळे धुराड्यातील उत्प्रेरक निकामी होतो हे लक्षात आल्यावर त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले, आणि २००४ च्या अमेरिकी मानकात नेहमीच्या पातळ तेलांसाठी ते ०.०८ टक्क्यांवर आले. नव्या रोलर इंजिनांना त्याने काही बिघडले नाही. जुन्या पद्धतीने बांधलेल्या इंजिनांतील नवे सपाट कॅम मात्र सुरुवातीलाच झिजू लागले. म्हणून असा कॅम बसवताना त्याला मॉलिब्डेनमयुक्त मलम लावतात, झिंक भरपूर असलेले तेल घालतात आणि इंजिन सुरू होताच ते मंद गतीवर न ठेवता वीस ते तीस मिनिटे दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवतात, कारण कॅमवर येणारे बरेचसे तेल क्रँकशाफ्टने उडवलेलेच असते आणि मंद गतीवर ते पुरेसे उडत नाही.

या भीतीपोटी अनेक जुन्या ब्लॉकांत आता जोडपट्टीचे रोलर टॅपेट बसवलेले सापडतात, आणि मग १९५७ च्या इंजिनातही रोलर कॅम असू शकतो. असा कॅम बहुधा पोलादाचा असतो, त्याचा उंचवटा अधिक पोटफुगा आणि नाकाशी गोलसर दिसतो, आणि चाकाची खूण त्यावर सरळ, मधोमध उमटते. पोलादी कॅमबरोबर बिडाचा डिस्ट्रिब्युटर गिअर चालत नाही, तोही बदललेला असला पाहिजे. शिवाय सपाट कॅमचा उतरता उंचवटा कॅमशाफ्टला सतत मागे, ब्लॉककडे रेटत ठेवतो. रोलर कॅमला तो उतार नसल्याने त्याला पुढे सरकू न देण्याची व्यवस्था करावी लागते. शेवरलेच्या १९८७ नंतरच्या ब्लॉकमध्ये ती कॅमच्या पायरीदार नाकावर बसणाऱ्या पट्टीने होते आणि जुन्या ब्लॉकमध्ये कॅमच्या गिअरच्या मध्यावर बसवलेल्या बटणाने, जे टायमिंगचे झाकण काढताच, टॅपेटला हात लावण्याआधीच, दिसते.